भावंडाच्या लग्नाआधीचा आठवडा: धाकट्यांनी काय काय हातात घ्यायचं

लग्नघरात शेवटच्या आठवड्यात जो तो आई-बाबांना गाठतो, आणि नेमका त्यांनाच उत्तर द्यायला वेळ नसतो. देवक बसलं, नांदीश्राद्ध झालं की यजमान म्हणून ते पाटाला बांधले गेले. उपास, सोवळं, भटजी सांगतील तिथे बसायचं, घराबाहेर पडायचं नाही. म्हणून कारभार सख्ख्या भावंडानं घ्यावा, असं सगळेच म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. पण लग्नाच्या दिवशी तेच भावंड विधींतही लागतं. लाजाहोमाला नवरीच्या ओंजळीत लाह्या घालायच्या त्या भावानं, नवऱ्याचा कान पिळायचा तोही त्यानंच. बहीण असेल तर करवली म्हणून हातात करा (पाण्याचा कलश) घेऊन उभी. आणि त्याच क्षणी रांदपी (आचारी) विचारायला येतो, पहिली पंगत मांडू का? वाजंत्रीवाल्यांना पैसे हवे असतात, मोटारवाला फोनवर असतो.

तेव्हा आठवड्याची सगळी आखणी एका गोष्टीवर बेतावी: मुहूर्ताच्या तासभर आधीपासून सप्तपदी संपेपर्यंत तुमच्याकडे एकही किल्ली, पाकीट किंवा फोन असता कामा नये. ते कसं जमवायचं, ते खाली लिहिलं आहे. उदाहरण धरलं आहे गोव्यातल्या फोंडा परिसरातल्या एखाद्या देवळाच्या सभागृहातलं दुपारचं लग्न, साधारण तीनशे माणसं.

सुरुवात कागदांपासून. गोव्यात कायद्याच्या दृष्टीनं लग्न लागतं ते नागरी निबंधकांच्या कार्यालयात, दोन सह्यांनी. पहिल्या सहीला दोघं लग्नाचा इरादा जाहीर करतात, मग हरकतींसाठी नोटीस लागते, आणि मुदत संपल्यावर दुसरी सही. मधे किमान दोन आठवडे जातात असं धरूनच चालावं, म्हणजे पहिली सही या आठवड्यावर ढकलता येत नाही. ती आधीच झालेली हवी. दुसरी सही मात्र बऱ्याचदा याच आठवड्यात येते. त्यासाठी साक्षीदार लागतात, आणि ते असे निवडा की त्या दिवशी दुसरं काम अंगावर नसेल. पाहुण्यांना आणायला स्टेशनवर गेलेला काका साक्षीदार म्हणून कामाचा नाही. कागद अडतात ते बहुतेक वेळा स्पेलिंगमुळे. आपल्याकडे आडनावांची पोर्तुगीज वळणाची आणि इंग्रजी वळणाची अशी दोन दोन रूपं चालतात. जन्मदाखल्यावर एक आणि आधार कार्डावर दुसरं असलं की तिथेच थांबावं लागतं. पहिल्या सहीच्या वेळी हे उघडकीला आलं असेल तर दुरुस्ती झाली की नाही, हे पुन्हा एकदा डोळ्यांनी बघा. आणखी एक गोष्ट घरात मोकळेपणानं बोलावी. लग्नाआधी वेगळा करार केला नाही, तर आपल्याकडच्या नागरी कायद्यानं नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून हे चालत आलं आहे. करार करायचा असेल तर तो लग्नाआधीच, रीतसर नोंदवून. नंतर सुचून उपयोग नाही.

पाहुण्यांचं येणं दुसऱ्या क्रमांकावर. आता गोव्यात दोन विमानतळ आहेत आणि मुंबई-पुण्याचे नातलग 'गोव्याचं तिकीट काढलं' एवढंच सांगतात. तिकिटाचा फोटो मागवा. त्यावर जीओएक्स असेल तर मोपा, जीओआय असेल तर दाबोळी. मोपाहून फोंड्याला यायला दीड तास सहज लागतो, दाबोळीहून तासाभरात येता येतं. एकच गाडी दोन्हीकडे फिरवायचा बेत कधी करू नका. फोंड्याला रेल्वे नाही. करमळी किंवा मडगावला उतरायला सांगा. थिवीचं तिकीट काढलेली माणसं म्हापशाकडची समजायची, त्यांची सोय तिकडेच केलेली बरी. एका वहीत नाव, गाडी, वेळ, कोण आणणार, कुठे झोपणार असे पाच रकाने आखा आणि ते पान भिंतीला लावा. ग्रुपवर टाकलेलं कोणी वर जाऊन शोधत नाही.

रस्त्यांचा हिशोब तारखेनुसार बदलतो. ३ डिसेंबरला जुने गोवेचं फेस्त (सेंट फ्रान्सिस झेवियरचा सण) असतं, त्याच्या आधीचे नऊ दिवस नोव्हेना (प्रार्थना). पणजी-फोंडा वाट या काळात तुंबते. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात इफ्फी या चित्रपट महोत्सवामुळे पणजीतल्या खोल्या मिळत नाहीत. नाताळ ते नवं वर्ष टॅक्सी मिळणं कठीण. कार्निव्हालच्या शनिवारी पणजीतून वाट काढायची नाही, आणि शिगम्याच्या मिरवणुकीच्या संध्याकाळी त्या त्या शहरातून वऱ्हाडाची बस नेऊ नये. माघात मंगेशीची आणि कवळेच्या शांतादुर्गेची जत्रा येते, तेव्हा देवळाच्या आसपास मांडव, दुकानं, गर्दी सगळंच असतं.

देवाला नारळ ठेवायला निघताना असंच वेळेचं भान हवं. कुलदेवता, ग्रामदेवता, मग घरचं देवघर. मंगेशीला सोमवारी पालखी असते, त्या दिवशी निवांत गाऱ्हाणं घालून मिळणार नाही. बाकीच्या देवळांतही दुपारच्या नैवेद्याच्या आधी पोहोचावं. ओटीचं सामान घरूनच भरून न्या: खण, शेंडीचा नारळ, तांदूळ, विडा-सुपारी, हळदकुंकू, वेणी. प्रत्येक देवळाची पिशवी वेगळी, वर नाव लिहून. दारात बसून एका पिशवीतून दुसरीत सामान हलवण्यात अर्धा तास जातो, आणि त्यातच एखादा खण गाडीत राहतो.

लॉकरातलं सोनं काढायचा दिवस कॅलेंडर बघून ठरवा. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँक बंद, रविवारी बंद. आणि लॉकर ज्यांच्या नावावर आहे ते देवकानंतर बाहेर पडणार नाहीत, म्हणजे हे काम देवकाच्या आधीच उरकायचं. काढताना प्रत्येक दागिन्याचा फोटो, डबीला क्रमांक. त्याच फेरीत सुट्या नोटा आणाव्यात: दहाच्या, वीसच्या, पन्नासच्या, शंभरच्या. रात्री बसून पाकिटं करा. भटजी, वाजंत्री, मेंदीवाली, काकणकार (बांगड्या भरणारा), रांदप्याची माणसं, सभागृहाचा रखवालदार, गाड्यांचे चालक. पाकिटावर नाव आणि कधी द्यायचं ते लिहा, म्हणजे ज्याच्या हातात ही पिशवी पडेल त्याला कोणालाच काही विचारावं लागणार नाही.

घरात वीस माणसं राहायला आली तर पाणी आणि संडास या दोन गोष्टींनी घर हैराण होतं. जेवणाखाण्यावर सगळ्यांचं लक्ष असतं, याकडे कोणी बघत नाही. माणशी शंभर लिटर धरलं तरी दिवसाला दोन हजार लिटर. छपरावर हजाराची टाकी असेल तर ती दिवसातून दोनदा भरायला हवी. पंपाचं बटण कोणाकडे, हे ठरवा. आपल्या बहुतेक घरांना सेप्टिक टाकी आहे. बरीच वर्षं उपसली नसेल तर निदान आठ दिवस आधी टँकर बोलावून उपसून घ्या, कारण लग्नसराईत तो टँकरही सांगितल्या दिवशी येत नाही. सकाळच्या न्याहारीसाठी पोदेराला (पाववाल्याला) दोन दिवस आधी आकडा सांगा: माणशी दोन उंडे (गोल पाव), शिवाय वयस्कांसाठी थोड्या पोळ्या (कोंड्याचे पाव). त्याची भट्टी आदल्या रात्रीच्या पिठावर चालते, पहाटे वाढवून मागितलं तर तो देणार कुठून? पातळ भाजी घरी करायची तर वाटाणे रात्री भिजत घाला. देवकार्याच्या दिवसापासून घर शिवराक (शाकाहारी), तेव्हा नुस्त्याची (मासळीची) भांडी त्याआधीच घासून वेगळी ठेवून द्या.

आता जेवण. इथे मी जरा जास्त लिहिणार, कारण लग्नात बिघडतं ते बहुधा इथेच, आणि बिघडण्याचं कारण जवळजवळ नेहमी नारळ असतो. वाटलेला किंवा पिळलेला नारळ आपल्या हवेत चार-पाच तासांत आंबायला लागतो. एप्रिल-मेत त्याहून लवकर. म्हणून रांदप्यानं 'रात्रीच खवून ठेवतो' म्हटलं की नाही म्हणा. नारळ आदल्या दिवशी सोलून ठेवायला हरकत नाही, फोडायचे पहाटे. शंभर माणसांच्या शिवराक जेवणाला खतखत्यासाठी (डाळ-कंदांची मिश्र भाजी) बारा, तोंडाकासाठी (कडधान्याची रस्साभाजी) बारा, मणगण्यासाठी (चणाडाळ-साबुदाण्याचं गोड) बारा-तेरा आणि सोलकढीसाठी सोळा-सतरा, असे पन्नास-पंचावन्न मोठे नारळ लागतात. तीनशेला दीडशेच्या वर. एका आदोळीवर (खवणीच्या विळीवर) एवढं खवून होत नाही. यंत्राची खवणी आणि ती चालवणारी दोन माणसं आधी सांगून ठेवा. पूजेचे नारळ यात धरू नका. ते वेगळे, शेंडी राखलेले, पंचवीस-तीस तरी.

त्याच शंभर माणसांना पुऱ्या असतील तर तांदूळ आठ-नऊ किलो पुरतात, पुऱ्यांना पीठ पाच-सहा किलो, खतखत्याला भाज्या आणि कंद मिळून दहा-बारा किलो. खतखत्यात कंद एकदम टाकले की कणगी विरघळते आणि सुरण कच्चा राहतो. आधी तूरडाळ, मग सुरण आणि करांदे, त्यानंतर कच्ची केळी, शेंगा, मक्याचे तुकडे, कणगी सगळ्यात शेवटी. सुरण खाजतो, म्हणून चिरल्यावर सोलांच्या (कोकमांच्या) पाण्यात टाकून ठेवावा. तिरफळांतल्या काळ्या बिया काढून टाका, त्या कडू लागतात; सालं पाण्यात भिजवून नुसती चेचायची आणि त्या पाण्यासकट घालायची. वाटणात बारीक वाटली की सगळं पातेलं उग्र होतं. घरच्या पातेल्याला आठ-दहा तिरफळं बास, मोठ्या हंड्याला मोजून वाढवायची, मूठ भरून नाही.

मणगण्याचं गणित एक किलो चणाडाळीला चाळीस माणसं. डाळ एक किलो, गूळ किलोभर किंवा थोडा वर, साबुदाणा दोनशे ग्रॅम, काजू पाव किलो, पाच नारळांचा रस, चिमूटभर मीठ, वेलची. डाळ बोटचेपी शिजल्याशिवाय गूळ घालू नका. गूळ पडला की डाळ पुढे शिजतच नाही, मग तासभर जाळ घातला तरी. पातळ रसात साबुदाणा शिजवायचा, जाड रस अगदी शेवटी घालून लगेच जाळ काढायचा. जाड रसाला उकळी आली की तो फुटतो आणि मणगणं चोथा-पाणी दिसतं. तळाला लागतं ते साबुदाण्यामुळे. हंडा जाड बुडाचा हवा आणि ढवळणारा माणूस तिथून हलता कामा नये.

सोलकढी पंगतीच्या तासभर आधी, त्यापूर्वी नाही. आगळ (कोकमाचा रस) आधीच खारट असतं, मीठ चव घेऊनच घाला. एका नारळाचे सहा पेले होतात. बर्फ घालून पातळ केलेली कढी ही सोलकढी नव्हे, एवढं रांदप्याला स्पष्ट सांगावं.

तोंडाकासाठी काबुली चणे किंवा अळसांदे (चवळी) रात्री भिजत घालतात, त्यांचं पाणी झोपण्याआधी एकदा बदलावं, नाहीतर उन्हाळ्यात सकाळी फेस आलेला असतो. गॅसचे व्यावसायिक सिलिंडर १९ किलोचे येतात. रांदप्याला लागतात त्याहून एक जास्त, भरलेला, वजन बघून घेतलेला. घरचे सिलिंडर तिथे नेऊ नयेत, ते नियमात बसत नाही.

केळीची पानं तीनशेला साडेतीनशे सांगा. आदल्या संध्याकाळी येतात, ती ओल्या गोणपाटात सैल गुंडाळून सावलीत उभी ठेवायची. दडपून रचली की सकाळी निम्मी घडीवर फाटलेली निघतात. शंभर माणसांची एक पंगत पाऊण तास घेते, म्हणजे तीन पंगती सव्वादोन तास. मधुमेहाची माणसं, लहान मुलं आणि दूरचा प्रवास असलेले पहिल्या पंगतीला बसवायचे, ही यादी आदल्या दिवशीच वाढप्यांच्या मुख्याकडे द्या.

नवरीच्या हातांचा क्रम चुकतो तो असा: हळदीच्या दिवशीच मेंदी ठेवतात. मेंदी खरवडल्यावर तिचा रंग चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत गडद होत जातो, म्हणून ती लग्नाच्या दोन दिवस आधी हातावर काढावी. निदान सहा तास राहू द्यावी, मग पाण्यानं न धुता खरवडून काढावी आणि खोबरेल लावावं. दुसऱ्या दिवशी काकणकार येतो तेव्हा हाताला तेल लागतंच, ते मेंदीला चांगलं. हळद लावताना तळहात चोळू नका, उटण्यानं रंग उतरतो. चुड्याच्या बांगड्यांचं माप आधीच एक जोड घालून बघावं. उन्हाळ्यात आणि दगदगीत हात थोडे सुजतात, नेहमी दोन-चार मापाच्या घालणारीला त्या दिवशी दोन-सहा मापाच्या लागू शकतात. काकणकाराकडे दोन्ही मापं असावीत, आणि फुटतील म्हणून त्याच रंगाच्या अर्धा डझन जास्तीच्या.

फुलांत अबोली टिकते, जाई आणि मोगरा टिकत नाहीत. नवरीच्या केसांतल्या फाती (गुंफलेले गजरे) अबोलीच्या असतील तर आदल्या संध्याकाळी घेतल्या तरी चालतात. केळीच्या पानात गुंडाळून, वर ओलं फडकं. मोगऱ्याची मुंडावळ मात्र त्या सकाळीच हवी, कळ्या मिटलेल्या. पहाटे पाचला उमललेला मोगरा बारापर्यंत तांबूस होतो. लग्न शनिवारी असेल तर शुक्रवारचा म्हापशाचा बाजार आदल्याच दिवशी येतो, पण तिथे फुलांसाठी लवकर पोहोचा, आणि परतताना दुसरी खरेदी करत थांबू नका. गाडीत उन्हात ठेवलेल्या फाती घरी येईपर्यंत मरगळतात.

पूजेच्या सामानाची यादी भटजींकडून लेखी घ्या आणि सामान आल्यावर त्यांनाच दाखवा. बहुतेक गोष्टी दुकानात तयार मिळतात. लक्ष ठेवायचं ते लाह्यांवर. लाजाहोमाला साळीच्या लाह्या लागतात, पाव किलो पुरतात, पण आपल्या दमट हवेत पुडी उघडी राहिली की त्या मऊ पडतात आणि तुपात नीट पेटत नाहीत. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. अक्षता तीनशे माणसांना तीन किलो. तांदळाला आधी तेलाचं बोट फिरवून मग कुंकू चोळायचं; पाण्यात कालवलेलं कुंकू गोळे करतं आणि पांढऱ्या कपड्यांवर उतरतं. पुड्या बांधून ठेवल्या तर मुहूर्ताला धावपळ होत नाही. अंतरपाट कोणाच्या पिशवीत आहे हे तिघांना माहीत असू द्या.

लग्नाच्या आदल्या रात्री जेवणं झाली की कारभार हाताबाहेर द्यायचा. विधींत ज्याला काही करायचं नाही असा एक माणूस निवडा: चुलत भाऊ, भावोजी, जवळचा मित्र. मामा नको, त्याला नवरीला बोहल्यावर आणायचं असतं. त्याच्याकडे पाकिटांची पिशवी, गाड्यांच्या किल्ल्या, सभागृहाच्या खोल्यांच्या किल्ल्या, आणि रांदपी, भटजी, वाजंत्री, चालक यांचे नंबर कागदावर. तुमचा फोनही त्याच्याकडे, आवाज चालू ठेवून. पंगत केव्हा मांडायची हे त्यानंच ठरवायचं, तुम्हाला विचारायचं नाही. दागिन्यांची जबाबदारी वेगळी, एका बाईकडे, तीही जागेवरून न हलणारी. संध्याकाळी स्वागत समारंभ उघड्यावर असेल तर ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद, हे वाजंत्रीवाल्यांना आधीच सांगून ठेवावं, म्हणजे वरात साडेनऊला निघेल.

जेवणं आटोपल्यावर सभागृहाची भांडी मोजून परत द्यायची, मगच रांदप्याचं शेवटचं पाकीट. उरलेलं अन्न वाटताना बघून वाटा. पुऱ्या आणि लाडू निर्धास्त द्या. खतखतं आणि तोंडाक तीनच्या आत गेलं तर ठीक, आणि घेणाऱ्याला घरी जाऊन उकळी काढायला सांगा. भात झाकून ठेवलेला असेल तर संध्याकाळी कोणाला देऊ नका. सोलकढी आणि मणगणं डब्यात भरून मुंबईच्या बसमध्ये देऊ नये, कितीही आग्रह झाला तरी. पाहुण्यांना न्यायला द्यायचंच असेल तर खाजं आणि पंचखाद्य आधीच पुडे बांधून ठेवा.